‘दार बंद ना’ : खाजणातली बोली यंत्राला शिकवण्याचं एक प्रकरण

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठावर एक खाजण आहे. गावाचं नाव देत नाही. तशी शेतकरी संघाची अट होती, आणि ती का घातली हे पुढं कळेलच.

खाजण म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली जमीन. पूर्वजांनी खारफुटीतून मातीचे बांध घालून ती नदीकडून मिळवली. गोव्यात अशी जमीन साधारण १८ हजार हेक्टर असल्याचं सांगतात. बांधात ठरावीक ठिकाणी मानस असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप मिटते आणि सुकती लागली की आतलं पाणी तिला ढकलून नदीत जातं. मोटर नाही, वीज नाही. बिघडायला यात एकच गोष्ट आहे. झडपेत ओंडका किंवा झावळी अडकली की दार मिटत नाही आणि खारं पाणी सरळ शेतात येतं. कोरगुट भात खारटपणा सोसतं, पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात रात्रभर दार उघडं राहिलं तर तेही किती सोसणार?

पूर्वी हे सगळं गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, बघायची. पुढं १९६४चा कूळ कायदा आला आणि बांध-मानशींची जबाबदारी हळूहळू शेतकरी संघांकडे गेली. या संघाच्या सेक्रेटरींचा फोन हीच आता खाजणाची राखण. रात्री-अपरात्री कुणी बांधावरून जाताना काही दिसलं की व्हॉट्सॲपवर आवाजात निरोप टाकतो. टाइप कोण करणार, हात चिखलात असतात. सेक्रेटरी पहाटे उठून निरोप ऐकतात आणि वहीत नोंद करतात. एका श्रावणी पौर्णिमेला रात्री पावणेदोनला आलेला निरोप त्यांनी पाच वाजता ऐकला. तोवर दोन कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, पाणी शिरलं होतं.

मी म्हापशाचा, नोकरी पर्वरीला, सॉफ्टवेअरमध्ये. शाळा मराठी माध्यमाची. सेक्रेटरी माझ्या मामांचे मित्र, त्यामुळे काम माझ्याकडे घरातल्यासारखंच आलं : “अरे, हल्ली फोन आपणच लिहून काढतो म्हणतात. आमचे निरोप लिहून काढून, पाण्याचा विषय असेल तर माझा फोन वाजेल असं कर. दोन दिवसांचं काम असेल ना?”

पुढं या ‘ना’नंच आम्हाला घोळात घेतलं.

यंत्रानं लिहिलेली शुद्ध मराठी

सुरुवात ओपनएआयच्या व्हिस्परनं, म्हणजे बोललेलं लिहून काढणाऱ्या प्रारूपानं (मॉडेलनं) केली, कारण ते फुकट मिळतं आणि आपल्या संगणकावर चालतं. सप्टेंबर २०२२मध्ये ते खुलं झालं तेव्हा त्याच्यामागं ६ लाख ८० हजार तासांचं ध्वनिमुद्रण होतं. त्याच्या शंभराच्या आसपासच्या भाषांत मराठी आहे, कोंकणी नाही. म्हणून मी भाषा ‘मराठी’ अशी निवडली. मनात म्हटलं, पेडण्याची बोली तशी मालवणीच्या अंगानं जाते, चालेल.

चाललं, आणि तीच अडचण झाली. पडद्यावर जे उमटलं ते गचाळ नव्हतं, चांगलं वाचनीय मराठी होतं. ‘मानशीची पावणी’ म्हणजे मानशीतल्या मासळीच्या हक्काचा लिलाव. यंत्रानं लिहिलं ‘माणसाची पाहुणी’. ‘दार बंद करूंक जाय’ म्हणजे दार बंद करायला हवं. ते झालं ‘दार बंद करायला जा’. आवाज नसलेल्या जागी, जिथं फक्त वारा आणि बेडूक होते, तिथं यंत्रानं स्वतःच्या पदरचं एक वाक्यही घातलं.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. व्हिस्परचा एक भाग ऐकतो आणि दुसरा लिहितो. लिहिणाऱ्या भागाला त्या भाषेत कोणत्या शब्दापाठी कोणता शब्द येतो याची दांडगी सवय झालेली असते. कानावर अस्पष्ट काही पडलं की तो सवयीनं भरून काढतो. मोठ्या भाषेत हा गुण आहे, कारण गर्दीतही वाक्य लागतं. पण शेजारच्या धाकट्या बोलीवर तोच भाग जुन्या मास्तरासारखा वागतो. पोर काय म्हणालं हे न ऐकता काय म्हणायला हवं होतं ते फळ्यावर लिहून मोकळा होतो.

दुसरा मार्ग होता वेव्ह-टू-व्हेक २.० या घराण्यातल्या प्रारूपांचा. मेटाच्या संशोधकांनी (तेव्हा नाव फेसबुक होतं) २०२०मध्ये ही पद्धत मांडली. आधी नुसता आवाज पुष्कळ ऐकवायचा, मग थोड्याशा लिहिलेल्या आवाजावर शिकवायचं. त्याच्या टोकाला बहुधा सीटीसी नावाची सोपी रीत असते. ती क्षणाक्षणाला एकेक अक्षर सांगत जाते, पुढच्या शब्दाचा विचार फारसा करत नाही. त्यामुळे शुद्धलेखन रांगडं येतं, पण यंत्र ऐकल्याचं खोटं सोंग कमी करतं. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटानं राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांसाठी आवाजाचे संच आणि प्रारूपं खुली केली आहेत आणि त्यांत कोंकणी आहे. १९९२ साली कोंकणी अनुसूचीत आली, त्या घटनादुरुस्तीचा एक उपयोग तीस वर्षांनी असा झाला. अनुसूचीबाहेरच्या बोलींना अशा यादीत जागाच नसते.

या प्रारूपानं ‘मानस’ला ‘माणूस’ केलं नाही. मला तेवढ्यानं सुटल्यासारखं वाटलं. पण गावच्या तोंडी जिथं ‘माका’ (मला) होतं तिथं ते बऱ्याचदा ‘म्हाका’ लिहायचं. म्हणजे आधीचा मास्तर मराठीचा होता, हा प्रमाण कोंकणीचा.

तिघांनी लिहिलं, तिचं कुणीच लिहिलं नाही

गावच्या आवाजावर प्रारूप थोडं घासून घ्यायचं ठरलं. त्यासाठी आवाज आणि त्याखाली नेमकं लिहिलेलं, असे जोड हवे होते. संघाच्या जुन्या निरोपांतून ज्यांनी परवानगी दिली तेवढे घेतले आणि लिहायला तिघं बसलो. एक मी, एक गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई, आणि एक गोवा विद्यापीठात कोंकणी शिकणारी मुलगी.

पहिल्याच निरोपात एक मामी म्हणत होत्या : “मानशीकडे उदक चडला, माका भंय दिसता.”

बाईंनी लिहिलं : ‘मानशीकडे पाणी चढलंय, मला भीती वाटते.’ मुलीनं लिहिलं : ‘मानशीकडेन उदक चडलां, म्हाका भंय दिसता.’ मी लिहिलं : ‘मानशीकडे उदक चढलं, मला भय दिसतं.’ हा तर ना धड इकडचा ना तिकडचा प्रकार. तिघांनी तोच आवाज ऐकला, कान तिघांचे शाबूत, आणि मामी जे म्हणाल्या ते कुणीच लिहिलं नाही. त्या संध्याकाळी नदीपलीकडचे, बार्देशातले एक सभासद सहज डोकावले. ते व्हॉट्सॲपवर रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोंकणी लिहितात. त्यांनी रोमीत लिहून दाखवलं तेव्हा ‘माका’ जागेवर होतं. त्यांना मराठी शाळेनंही वळण लावलं नव्हतं आणि देवनागरी कोंकणीच्या पाठ्यपुस्तकानंही.

मी व्हिस्परला नावं ठेवत होतो आणि आम्ही तिघं हातानं तेच करत होतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

बाईंना दोष द्यायचं मात्र माझ्या मनात नाही. या भागात शेकडो घरांत हाच रिवाज आहे. बोलायचं आपल्या बोलीत आणि लिहायचं मराठीत. भजन मराठी, वर्तमानपत्र मराठी, देवळाचा जमाखर्च मराठी. संघाची वहीही मराठीच. सेक्रेटरी वर्षानुवर्षं कोंकणी निरोप ऐकून थेट मराठीत नोंद करत आले आणि आपण भाषांतर करतो असं त्यांना कधी वाटलं नाही. मराठीत लिहिणं त्यांच्या लेखी ‘लिहिणं’च. २०११च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे ६६ टक्के आणि मराठी सांगणारे ११ टक्क्यांच्या आसपास होते, पण ही टक्केवारी तोंडाची आहे की हाताची, असं मला त्या दिवसापासून वाटत राहिलंय.

गोव्यात हा विषय काढला की चहा निवतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १९६७चा जनमत कौल, १९८७चा राजभाषा कायदा, त्याआधीची आंदोलनं, सगळं लोकांच्या अजून अंगात आहे. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर आमच्या टेबलावरही दोन संध्याकाळ गेल्या. साहित्य अकादमीनं १९७५मध्ये तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, यावर मुलगी ठाम. बाईंनी ग्रियर्सनचं भाषा-सर्वेक्षण काढलं. १९०५च्या त्याच्या सातव्या खंडात कोंकणी मराठीखाली घातली आहे. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, “तुमचं ठरेपर्यंत भरती थांबणार आहे का?”

संगणकालाही हे ठरवून हवं असतं, ही आणखी गंमत. आवाजाचा संच साठवताना भाषेचा तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत द्यावा लागतो. कोंकणीसाठी एक छत्रीसारखा संकेत आहे आणि त्याखाली दोन वेगळे : गोव्याच्या कोंकणीचा एक, आणि नुसतं ‘कोंकणी’ म्हणून पण सीमेपलीकडच्या बोलींकडे बघणारा दुसरा. मराठीचा तिसराच. पेडण्याची बोली या तिन्हींच्या बांधावर बसलेली. जनगणनेत मालवणी कोंकणीखाली मोजतात, सिंधुदुर्गातल्या मालवणी माणसाला विचाराल तर तो बहुतेक मराठी सांगेल. आम्ही छत्रीचा संकेत दिला आणि शेरा लिहिला : ‘पेडणे, नदीकाठ’.

मग वहीचीच युक्ती वापरली आणि दोन रकाने केले. पहिला ‘बोललेलं’ : कानाला जे आलं ते देवनागरीत, ‘माका’ तर ‘माका’, ‘चडला’ तर ‘चडला’. दुसरा ‘नोंद’ : सेक्रेटरी वहीत जसं लिहितील तसं मराठीत. यंत्राला पहिला रकाना शिकवायचा. बाईंना पहिला रकाना लिहिणं जड गेलं, कारण चाळीस वर्षं ज्याच्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली तेच आता लिहायचं होतं. पण एकदा सवय झाल्यावर आमच्या तिघांत त्यांचाच कान सर्वांत तयार निघाला.

शंभर टक्के चूक, शून्य टक्के चूक

आता मोजमाप. या धंद्यात शब्दचुकीचं प्रमाण काढतात. यंत्रानं बदललेले, गाळलेले आणि जास्तीचे घातलेले शब्द मोजायचे आणि मूळ शब्दसंख्येनं भागायचं.

मूळ वाक्य घ्या : ‘मानशीकडे उदक चडला’. शब्द तीन. यंत्रानं लिहिलं : ‘मानशी कडे उदक चढला’. पहिला शब्द बदलला, ‘कडे’ जास्तीचा आला, शेवटचा बदलला. तीन शब्दांत तीन चुका, म्हणजे १०० टक्के चूक. वाचणाऱ्याला मात्र सगळं कळतं.

आता दुसरा निरोप : ‘दार बंद ना’. यंत्रानं लिहिलं ‘दार बंद ना’. चूक शून्य, अक्षरन् अक्षर बरोबर. आणि वहीच्या रकान्यात आपोआप पडलेली मराठी नोंद होती : ‘दार बंद आहे ना?’

कोंकणीत ‘ना’ म्हणजे नाही. दार बंद नाही, पाणी आत येतंय, धावा. मराठी डोळ्याला तोच ‘ना’ म्हणजे लाडिक होकार मागणारं शेपूट. बोललेल्यातून नोंद करायला आम्ही जे भाषांतराचं प्रारूप जोडलं होतं, त्यानं सवयीप्रमाणे मराठी वाचलं. ‘बांदाक कांय जावंक ना’ याचंही तेच. बांधाला काही झालेलं नाही असा तो दिलासा, आणि नोंदीत ते झालं काळजीचं विचारणं. एकच अक्षर एकदा धोका लपवतं, एकदा नसलेला धोका उभा करतं. सेक्रेटरींनी ही नोंद पाहिली आणि मला काही बोलले नाहीत. फक्त वही बंद केली.

इतर चुकाही होत्या. त्यातली एक सांगण्यासारखी, कारण भारतीय भाषांवर काम करणाऱ्या कुणालाही ती अडवेल. मोजण्यापूर्वी मजकूर ‘स्वच्छ’ करायची एक तयार आज्ञावली व्हिस्परबरोबर येते. इंग्रजी सोडून बाकी भाषांसाठी असलेली ही आज्ञावली विरामचिन्हांबरोबर युनिकोडमध्ये ‘चिन्ह’ म्हणून नोंदलेल्या सगळ्याच गोष्टी काढते, आणि आपले काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार त्यांतच येतात. ‘चडला’ आणि ‘चढलं’ यांची हाडं तेवढी उरतात. आमचा निकाल एका दुपारी अचानक सुधारला होता तो यामुळे. त्याआधीचा असाच एक आनंद दुसऱ्या कारणानं फसवा निघाला. शिकवायला आणि तपासायला घेतलेल्या निरोपांत तीच माणसं होती, म्हणजे यंत्र बोली नव्हे, माणसं ओळखत होतं. तपासणीचे बोलणारे वेगळे काढल्यावर आकडा पुन्हा जमिनीवर आला.

वाचून घेतलेला आवाज

मधल्या काळात मी आणखी आवाज गोळा करायला निघालो होतो. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसची रीत डोक्यात होती : पडद्यावर वाक्य येतं, माणूस वाचतो, दुसरे ऐकून बरोबर-चूक सांगतात. मोठ्या साक्षर भाषेत ती छान चालते. इथं मी कागदावर गावच्या बोलीतली वाक्यं लिहून नेली, तर लोकांनी ती कीर्तनाला बसल्यासारखी वाचली, एकेक शब्द सुटा, आवाज देवळातला. एक काका ‘माका’ वाचताना थांबले आणि “हे चुकलंय” म्हणून ‘मला’ वाचून पुढं गेले.

मग कागद फेकला आणि विचारायला लागलो. गेल्या पावसात बांध कुठं खचला? मानशीत यंदा मासळी काय लागली? तेव्हा माणसं बोलली. एआयफॉरभारतच्या इंडिकव्हॉइसेस संचातही वाचलेला आवाज जेमतेम ९ टक्के आहे, ७४ टक्के उत्स्फूर्त बोलणं आणि बाकी संवाद. ते आकडे मी आधी वाचले होते, अर्थ खाजणात कळला.

पण मोकळं बोलणं म्हणजे मोकळंच. बांध खचला इथून गोष्ट सुरू व्हायची आणि तो कुणी मुद्दाम फोडला, कोळंबीसाठी खारं पाणी कुणाला हवं होतं, भाटकाराचा (जमीनदाराचा) मुलगा कोर्टात काय बोलला, इथवर पोचायची. गावाचं नाव का नाही, ते हे. बोलणाऱ्यांना मी पुन्हा भेटलो आणि प्रत्येकाला त्याचा आवाज ऐकवला. काहींनी तुकडे काढायला लावले, एकानं सगळंच. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेसाठी ते हिकू मीडिया या संस्थेनं लोकांकडून दहा दिवसांत तीनशेवर तास आवाज जमवला आणि तो मोठ्या कंपन्यांच्या हाती न देता स्वतःच्या राखणदारीच्या अटींखाली ठेवला. ते उदाहरण मी संघाच्या बैठकीत सांगितलं. सेक्रेटरींना लगेच पटलं : “म्हणजे मानशीसारखं. पाणी सगळ्यांचं, दार आपलं.” आवाजाचा संच आज संघाच्या कपाटात एका डिस्कवर आहे. माझ्याकडे प्रत नाही.

शेवटी काय चाललंय

पूर्ण निरोप लिहून काढणं आम्ही सोडून दिलं. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण संघाला मजकूर हवा होता हा माझा समज होता, त्यांना हवी होती जाग. आता यंत्र फक्त ठरावीक शब्द ऐकतं : उदक, मानस, बांद, फुटलो, खचलो, भरती, आणि बांधाच्या तुकड्यांची नावं, जी कुठल्याच नकाशावर नाहीत. यांतले दोन शब्द एका निरोपात जवळ आले की तिघांचे फोन मोठ्यानं वाजतात आणि मूळ आवाज ऐकू येतो. दार बंद की उघडं हे माणूस ठरवतो. ‘ना’ यंत्राच्या यादीत घेतलेलाच नाही. विनाकारण फोन वाजतात, परवा मानशीतल्या खेकड्यांच्या भावावरून वाजले. सेक्रेटरींच्या सौ.नी मला फोनवर सुनावलं. पण खाजणात झोपमोड स्वस्त पडते.

वहीत नोंद सेक्रेटरीच करतात, मराठीत. ‘बोललेलं’ हा रकाना मात्र त्यांनी वहीत स्वतःहून आखून घेतलाय. रोज भरत नाहीत. एखादा शब्द आवडला तर लिहितात.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. लोक यंत्रासाठी बोलणं बदलू लागलेत. फोन वाजावा म्हणून निरोपाच्या सुरुवातीलाच ‘उदक, मानस’ असं मंत्रासारखं म्हणतात, मग खरं बोलतात. सेक्रेटरींनीही बैठकीत सांगून टाकलं, यापुढं घोळ नको, ‘बंद ना’ म्हणू नका, ‘उक्तें आसा’ (उघडं आहे) म्हणा. बहुतेकांनी मान डोलावली. ‘माका भंय दिसता’वाल्या मामी मागच्या बाकावर होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “ना म्हळ्यार ना!”

गेल्या उधाणाला त्यांचाच निरोप आला, रात्री अडीचला, शब्द तेच : दार बंद ना. दारात झावळी होती. सेक्रेटरी टॉर्च घेऊन गेले.